जुन्या पिनबॉल यंत्राचे पुनरुज्जीवन : किती बदलावे आणि किती राखावे?

तारतंत्री (धागाकर्ता)

शिकागोच्या एका उपनगरातील बंद पडलेल्या बोलिंग अ‍ॅलीच्या तळघरातून विकत घेतलेले गॉटलिब कंपनीचे ‘रॉयल फ्लश’ हे पिनबॉल यंत्र (उतरत्या फळ्यावर पोलादी चेंडू फटकावून गुण मिळवण्याचा खेळ) सध्या माझ्या गॅरेजमध्ये उघडून ठेवले आहे. त्या निमित्ताने जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीविषयी आणि जपणुकीविषयी मराठीत सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

हे यंत्र १९७६ सालचे असून चार खेळाडूंसाठी आहे. त्याची रचना एड क्रिन्स्की यांची आणि चित्रे गॉर्डन मॉरिसन यांची आहेत; सत्तरच्या दशकातील गॉटलिबच्या कित्येक यंत्रांमागे हीच जोडी होती. यंत्र संपूर्णपणे विद्युत-यांत्रिक आहे, म्हणजे त्यात मायक्रोप्रोसेसर तर नाहीच, पण गुण मोजण्यासाठी कोणत्याही प्रकारची इलेक्ट्रॉनिक चिपही नाही. सगळा हिशेब रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), कॉइल (तारेच्या गुंडाळ्या), पायरी-पायरीने सरकणाऱ्या चकत्या आणि शेकडो पातळ धातूच्या पात्यांचे स्विच यांच्यावर चालतो. पुढच्या दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील सर्व प्रमुख कंपन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांकडे वळल्या, त्यामुळे हे यंत्र त्या जुन्या कारागिरीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातील आहे.

यंत्राची आजची अवस्था अशी : लाकडी पेटी भक्कम आहे, पाय गंजलेले आहेत, समोरची चित्रमय काच, म्हणजे बॅकग्लास, बहुतांशी शाबूत असली तरी खालच्या कडेला रंगाचे पापुद्रे सुटू लागले आहेत. प्लेफील्डवर, म्हणजे चेंडू धावतो त्या फळ्यावर, चेंडूच्या वाटेत रंग झिजून लाकूड दिसते आहे आणि खालून दिव्याने उजळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोल इन्सर्टांच्या कडा किंचित वर आल्या आहेत. आधीच्या मालकाने कोणते तरी तेल सर्वत्र फवारलेले दिसते, कारण रिलेच्या पात्यांवर काळपट चिकट थर बसला आहे. वीज दिली असता दिवे लागतात. परंतु खेळ सुरू करण्याचे बटण दाबले की स्कोअर मोटर, म्हणजे गुणांचे ठोके देणारी मोटर, फिरू लागते आणि ती थांबतच नाही.

जाणकारांनी मोटरच्या या दोषाविषयी मार्गदर्शन करावेच. पण त्याहून अधिक मला प्लेफील्डविषयी मते हवी आहेत. मूळ झिजलेला रंग तसाच राखावा, हाताने रंगवून भरून काढावा, की सगळे घासून, पुन्हा रंगवून वर मोटारगाडीला देतात तसा चकचकीत क्लिअर कोट द्यावा?

ठोकेबाज

तारतंत्री, मोटर न थांबणे हा या काळातील गॉटलिब यंत्रांचा नेहमीचा आजार आहे आणि त्याचे कारण बहुतेक वेळा मोटरमध्ये नसतेच.

मागचे तर्कशास्त्र समजून घेतले की शोध सोपा होतो. चेंडू दहा गुणांच्या लक्ष्यावर आपटला की दहा गुणांचा रिले ओढला जातो, त्याची पाती मिटून स्कोअर रीलच्या (गुणांचा अंक दाखवणाऱ्या चाकाच्या) कॉइलला वीज मिळते आणि रील एक घर पुढे सरकते. पन्नास गुण द्यायचे असतील, तर मोटर आपले एक आवर्तन पूर्ण करते आणि तिच्या कॅमवरची पाती पाच वेळा मिटून पाच ठोके देतात. म्हणूनच या यंत्रांत मोठे गुण मिळताना तो ‘टक-टक-टक-टक-टक’ असा लयबद्ध आवाज येतो. रील नऊवर असताना पुढचा ठोका आला, तर नऊच्या स्थानावरचे स्विच शेजारच्या रीलला हातचा देते. शाळेत पाटीवर केलेली बेरीज येथे पितळ आणि नायलॉन करतात.

आता तुमचा दोष. नवा खेळ सुरू होताना प्रत्येक रील शून्यावर यावी लागते. मोटर फिरत राहते, ठोके जात राहतात, आणि प्रत्येक रील शून्यावर पोहोचली की तिचे स्वतःचे शून्य-स्विच उघडून त्या रीलपुरते काम संपते. सर्व शून्य-स्विच उघडल्याशिवाय यंत्र पुढच्या पायरीवर जात नाही. याचा अर्थ, एखादी रील तरी शून्यावर आलेली नाही, किंवा आलेली असूनही तिचे स्विच उघडत नाही.

मागचे दार उघडून रीलकडे नीट पाहा. एखादी रील तीनवर किंवा सातवर अडून थरथरत असेल, तर तिच्या कॉइलच्या दांड्यावर जुने तेल वाळून घट्ट झाले असणार. वीज बंद करून दांडा बोटाने दाबून सोडा, तो चटकन परत यायला हवा. एखादी रील मुळीच हालत नसेल, तर कॉइलचा रोध मोजा आणि तिला ठोका पोहोचवणाऱ्या रिलेची पाती तपासा. सर्व रील शून्यावर असूनही मोटर फिरत असेल, तर एकेका शून्य-स्विचच्या पात्यांमध्ये कागदाचा कपटा सरकवून बघा. ज्या ठिकाणी कागद घातल्यावर मोटर थांबेल, ते स्विच गुन्हेगार. मात्र वीज चालू ठेवून हे करताना एक हात खिशात ठेवावा आणि भिंतीकडून येणाऱ्या मुख्य विजेच्या तारांपासून दूर राहावे. तसेच यंत्र फार वेळ फिरत ठेवू नये, कारण सतत ठोके घेणारी कॉइल तापते, तिच्या आतली नळी वितळून दांड्याला चिकटते आणि एका दोषाचे दोन दोष होतात.

फवारलेल्या तेलाविषयी : पात्यांच्या स्विचला कोणतेही वंगण लावायचे नसते, हा या छंदातील पहिला नियम आहे. तेलावर धूळ बसते, ठिणगीने ती जळते आणि संपर्कबिंदूंवर रोधक थर तयार होतो. सगळी पाती अल्कोहोलने पुसून घ्या, मग बारीक लवचीक कानशीने संपर्कबिंदू हलकेच घासा. पायऱ्यांच्या चकत्यांवरील रिव्हेट मात्र घासून स्वच्छ केल्यावर अगदी पुसट वंगण मागतात. बोटाला जाणवेल इतके लावले तर ते जास्त झाले असे समजावे.

खिळखिळा

मी या विषयात नवखा आहे, म्हणून विचारतो. एवढी शेकडो पाती घासत बसण्यापेक्षा आतील सगळी यंत्रणा काढून तिच्या जागी एखादा लहानसा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड बसवला, तर खेळ तोच राहील आणि बिघाड संपतील. असे कोणी करत नाही का?

तारतंत्री

खिळखिळा, असे करणारे आहेत आणि तांत्रिकदृष्ट्या ते अवघडही नाही. पण मग हे यंत्र घेण्याचे कारणच उरत नाही. रॉयल फ्लशचे वैशिष्ट्य पत्त्यांच्या चित्रांच्या ड्रॉप टार्गेटांमध्ये (चेंडू लागताच खाली पडणाऱ्या लक्ष्यांमध्ये) जेवढे आहे, तेवढेच ती टार्गेटे पाडल्यावर पेटीच्या तळातून येणाऱ्या खडखडाटात आहे. तुम्ही एकदा झाकण उघडून खेळ चालू असताना आत पाहा : कोणता रिले कोणाची वाट पाहतो आहे, हे डोळ्यांना दिसते. आजच्या कोणत्याही यंत्रात विचार करण्याची क्रिया अशी उघड्यावर चालत नाही. शिवाय कारखान्याने दिलेला मूळ सर्किट आराखडा हाताशी असेल, तर बोर्डापेक्षा हीच यंत्रणा दुरुस्तीला सोपी आहे, कारण तिच्यातील प्रत्येक भाग निव्वळ हाताने सुधारता येतो.

ठोकेबाज, तुमचा कागदाचा उपाय लागू पडला. तिसऱ्या खेळाडूच्या शंभराच्या रीलचे शून्य-स्विच वाकलेले होते. पाती सरळ केल्यावर मोटर शहाण्यासारखी थांबली आणि पहिला चेंडू बाहेर आला.

रंगशाळा

प्लेफील्डच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : क्लिअर कोट देऊ नका.

मी मुंबईत जुन्या चित्रांच्या आणि लाकडी वस्तूंच्या जतनाचे काम करते. पिनबॉल यंत्रे मी केवळ परदेशातील संग्रहालयांत पाहिली आहेत, त्यांत कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमिडा येथील पॅसिफिक पिनबॉल म्युझियम मला सर्वांत आवडले. आमच्या क्षेत्रात एक साधी कसोटी असते : जे केले ते उद्या कोणाला पूर्ववत करता येईल का? हाताने भरलेला अ‍ॅक्रिलिक रंग, त्याखाली पातळ वार्निशचा विलग थर ठेवला असेल, तर पुढे काढता येतो. दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट एकदा घट्ट बसला की तो मूळ रंगासह खरवडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे तुम्ही केवळ आजचा नव्हे, तर यंत्राच्या पुढच्या सर्व मालकांचा निर्णय घेत असता.

दुसरी गोष्ट दिसण्याची आहे. या प्लेफील्डवर स्क्रीन प्रिंटिंगने रंग छापून वर लॅकर दिलेले असते आणि ते लॅकर काळानुसार मधासारखे पिवळसर होते. झिजलेल्या जागी नवा रंग भरताना कारखान्यातील मूळ पांढरा वापरला, तर तो ठिगळासारखा उठून दिसेल. जुन्या पांढऱ्याला किंचित गेरू आणि कच्चा अंबर (तपकिरी मातीरंग) मिसळून जुळवावे लागते. हे काम दिवसाच्या उजेडात करावे आणि यंत्राचे स्वतःचे दिवे लावूनही तपासावे, कारण पिवळसर बल्बखाली रंगांचा तोल पार बदलतो.

बॅकग्लासबाबत तर अधिकच सांभाळा. चित्र काचेच्या आतल्या बाजूने छापलेले असते. त्या बाजूवर पाणी, काच साफ करण्याचे द्रावण किंवा ओला कपडा लावू नये. सुटू पाहणारा पापुद्रा त्याने हमखास निघतो. मागच्या बाजूने मऊ कुंचल्याने धूळ झाडण्यापलीकडे काही करू नये.

चकाकी

रंगशाळा यांचा मुद्दा संग्रहालयातील वस्तूसाठी योग्य आहे, पण हे यंत्र खेळण्यासाठी आहे, हे विसरता येत नाही. सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू त्या रंगावरून दिवसभर धावणार आहे. लॅकरमध्ये लाकडाच्या रेषांना समांतर बारीक भेगा पडल्या की त्यांत काळी धूळ शिरते, तीच धूळ चेंडूखाली कानशीसारखी काम करते, आणि इन्सर्टच्या वर आलेल्या कडेपाशी रंग सर्वांत आधी उडतो. तुम्ही जतन केलेला मूळ रंग पाच वर्षे नियमित खेळल्यावर उरणारच नसेल, तर त्या जतनाचा उपयोग काय?

मी न्यू जर्सीत राहतो आणि आतापर्यंत काही प्लेफील्डांना क्लिअर कोट दिला आहे. आधी सर्व भाग उतरवायचे, इन्सर्ट उष्णतेने सैल करून समपातळीत पुन्हा चिकटवायचे, नॅफ्थाने मेण आणि मळ काढायचा, रंग भरायचा, मग पातळ थर, घासणे, पुन्हा थर. चेंडू त्यावर काचेवरून घसरावा तसा पळतो. एक इशारा मात्र ठळक अक्षरांत द्यायला हवा : या रसायनांतील कडक करणाऱ्या घटकात आयसोसायनेट असतात. ती फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. ज्याच्याकडे ताजी हवा पुरवणारा मास्क आणि फवारणीची खोली नाही, त्याने हे काम मोटारगाड्या रंगवणाऱ्याकडे सोपवावे.

रंगशाळा

चकाकी, क्लिअर कोटमुळे वेग वाढतो, हे मान्य. पण क्रिन्स्कींनी यंत्राची रचना केली ती त्या काळच्या लॅकरचा आणि त्या काळच्या उताराचा विचार करून. या पिढीच्या यंत्रांचा उतार साधारण साडेतीन अंशांचा, तर आजच्या यंत्रांचा साडेसहा अंशांचा असतो, असे मी संग्रहालयात वाचले. चेंडू सावकाश फिरतो, तरंगतो, खेळाडूला यंत्राला हलका धक्का द्यायला वेळ मिळतो. तो संथपणा काढून टाकणे म्हणजे विलंबित ख्याल द्रुत लयीत म्हणण्यासारखे आहे. झीज थांबवण्यासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सुटा पत्रा मिळतो, तो प्लेफील्डवर अंथरता येतो आणि हवा तेव्हा उचलताही येतो. चांगले कार्नोबा मेण आणि वेळेवर बदललेला चेंडू, एवढ्यानेही बराच फरक पडतो. खरवडलेला चेंडू हा प्लेफील्डचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

इतिहासवेडा

चर्चा तांत्रिक आहे, तरी थोडी भर घालतो, कारण काय राखण्याजोगे आहे हे ठरवायला इतिहासाचा आधार लागतो.

डेव्हिड गॉटलिब यांचे ‘बॅफल बॉल’ १९३१ चे. मंदीच्या काळात ते दुकानांच्या गल्ल्यांवर ठेवले जाई. त्या यंत्रांना फ्लिपर, म्हणजे बटण दाबून चेंडू परत फटकावणारे दांडे, नव्हते. चेंडू सोडायचा आणि खिळ्यांतून तो कुठे पडतो हे पाहायचे, त्यामुळे त्यावर जुगाराचा शिक्का सहज बसला. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत १९४२ पासून यंत्रांवर बंदी आली आणि जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडण्यात आली. त्यानंतर १९४७ मध्ये गॉटलिबचेच ‘हम्प्टी डम्प्टी’ आले, त्यात हॅरी मॅब्स यांनी सहा फ्लिपर बसवले आणि नशिबाच्या खेळात कौशल्य शिरले. कायद्याला ते पटायला मात्र तीन दशके लागली : १९७६ मध्ये लेखक आणि पिनबॉलपटू रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेपुढे यंत्रावर खेळून दाखवले, चेंडू कुठे जाईल हे आधी सांगून तो तेथेच पाठवला, आणि बंदी उठली. तारतंत्री यांचे यंत्र नेमके त्याच वर्षीचे आहे.

फुकट खेळ बक्षीस देणे हेही काही राज्यांत जुगार मानले जाई. त्यावर तोडगा म्हणून गॉटलिबने १९६० मध्ये जादा चेंडू देणारे ‘फ्लिपर’ नावाचे यंत्र काढले, आणि पुढे एकाच खेळाच्या फुकट खेळ देणारी आणि जादा चेंडू देणारी अशा दोन-दोन आवृत्त्या निघत राहिल्या. संग्राहकांनी दुरुस्तीच्या भरात अशा यंत्राच्या जोडण्या बदलून एका आवृत्तीची दुसरी करू नये, एवढीच विनंती. कायद्याचा तो ठसा तारांमध्ये उमटलेला असतो.

सोल्डरगंध

येथे केवळ विद्युत-यांत्रिक यंत्रांविषयीच लिहिले जात आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक पिढीविषयी एक मोलाची सूचना. ज्यांच्याकडे १९७७ नंतरचे बॅली कंपनीचे यंत्र असेल, त्यांनी हा धागा वाचून होण्याआधी मागची पेटी उघडून मुख्य बोर्डावरील ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी काढावी. ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, जुनी झाली की गळते, आणि तिच्यातील अल्कली खालच्या दिशेने ओघळत तांब्याच्या रेषा खाऊन टाकते.

गळती झालेली असेल, तर प्रथम पातळ व्हिनेगरने ती जागा उदासीन करावी, स्वच्छ पाण्याने धुवावी, अल्कोहोलने कोरडी करावी, आणि हिरवट-करडा झालेला भाग लखलखीत तांबे दिसेपर्यंत घासावा. काळवंडलेल्या रेषेवर सोल्डर बसत नाही. मग त्या परिसरातील सॉकेट आणि जोडणीच्या पिना बदलाव्या. यानंतर बोर्ड सुरू केला की त्यावरचा लहान लाल दिवा स्वतःच निदान सांगतो : आरंभीच्या क्षणिक चमकेनंतर तो सात वेळा लुकलुकला पाहिजे. तिसरी लुकलुक आली नाही, तर बॅटरीवर चालणारी स्मृती-चिप किंवा तिचे सॉकेट तपासावे. सहावर थांबला, तर सॉलेनॉइडसाठीचा (दांडा ओढणाऱ्या कॉइलसाठीचा) सुमारे ४३ व्होल्टचा पुरवठा बोर्डापर्यंत पोहोचत नाही. बॅटरीच्या जागी विजेविना स्मृती टिकवणारी चिप बसवली की हा प्रश्न कायमचा मिटतो. गुण दाखवणाऱ्या केशरी पट्ट्यांना मात्र दीडशे व्होल्टांहून अधिक दाब असतो, त्यामुळे यंत्र चालू असताना तेथे बोट नेऊ नये.

परतीचा प्रवासी

आम्ही ओहायोहून पुण्याला कायमचे परतत आहोत आणि घरसामानाच्या कंटेनरमध्ये माझे सत्तरच्या दशकातील गॉटलिब यंत्र आणायचे आहे. आपल्याकडील २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ यांवर ते चालेल का? पावसाळ्याचीही धास्ती वाटते.

ठोकेबाज

चालेल. भिंतीपाशी २३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर ठेवावा आणि तो यंत्राच्या गरजेपेक्षा पुष्कळ मोठा घ्यावा, कारण सगळी टार्गेटे एकदम उचलणारी कॉइल क्षणभर बराच प्रवाह ओढते. ५० हर्ट्झमुळे स्कोअर मोटर थोडी मंद फिरेल, त्याने खेळात बिघाड होत नाही. गुणांचे ठोके जरा निवांत पडतील एवढेच. मात्र ६० हर्ट्झसाठी बनवलेला यंत्राचा आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो, म्हणून पहिल्या काही खेळांनंतर त्याला हात लावून पाहावे आणि खेळून झाल्यावर यंत्र चालू ठेवू नये. जुन्या यंत्रांची वायर बहुधा दोनच तारांची असते; ती काढून अर्थिंगसह तीन तारांची वायर बसवावी आणि आतील धातूचे सर्व भाग अर्थिंगला जोडावे.

प्रवासात चेंडू, पाय आणि बॅकग्लास वेगळे काढावेत. काच उभी ठेवून बांधावी, आडवी कधीही नको. वरचे डोके पेटीपासून सोडवताना मधल्या बहुपिनी जोडण्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात, म्हणजे पुण्यात पोहोचल्यावर अंदाजपंचे जोडणी करावी लागणार नाही.

पावसाळ्यासाठी : यंत्र बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, पायांखाली धातूच्या चकत्या ठेवाव्यात आणि पेटीच्या तळाशी वाळवीसाठी दर वर्षी नजर टाकावी, कारण अमेरिकन प्लायवूड वाळवीला देशी लाकडाइतकेच आवडते. दमट महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी यंत्र खेळावे. संपर्कबिंदू एकमेकांवर घासले जातात आणि चांदीवर बसणारा काळा थर आपोआप निघत राहतो.

तारतंत्री

रंगशाळा आणि चकाकी यांचे वाद वाचून मी क्लिअर कोट न देण्याचे ठरवले आहे. चकाकी यांचा इन्सर्टविषयीचा मुद्दा मात्र पूर्णपणे पटला, त्यामुळे वर आलेले इन्सर्ट समपातळीत बसवून, उडालेला रंग वार्निशच्या विलग थरावर हाताने भरून, वर सुटा पारदर्शक पत्रा अंथरणार आहे. रंग उडून लाकूड दिसते त्या जागी मी मूळ रंगाची किनार किंचितही झाकणार नाही. झीज दिसली तरी चालेल.

बॅकग्लाससाठी मागचे सर्व ४४ क्रमांकाचे बल्ब काढून ४७ क्रमांकाचे लावत आहे. दोन्ही ६.३ व्होल्टचेच, पण पहिला ०.२५ अँपिअर घेतो आणि दुसरा ०.१५. पन्नास दिवे धरले, तरी ट्रान्सफॉर्मरवरचा भार पाच अँपिअरने उतरतो आणि काचेमागची उष्णताही त्याच प्रमाणात घटते. प्रकाश थोडा मंद होतो, पण मॉरिसन यांच्या राजा-राणीच्या चेहऱ्यांना तो शोभतो.

एक शंका शिल्लक आहे. उजवा फ्लिपर नीट उचलला जातो, परंतु बटण दाबून धरले की त्याची कॉइल दोन मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापते. डाव्या फ्लिपरला हा त्रास नाही.

ठोकेबाज

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात : जाड तारेची जोराची आणि बारीक तारेची धरून ठेवण्याची. फ्लिपर पूर्ण वर गेला की त्याच्या टोकाशी असलेले स्विच उघडले पाहिजे, म्हणजे बारीक गुंडाळी मार्गात येते आणि प्रवाह घटतो. तुमचे उजवे स्विच उघडत नाही, म्हणून जोराची गुंडाळीच सतत प्रवाह ओढत आहे. वीज बंद करून फ्लिपर हाताने पूर्ण वर न्या आणि पात्यांमध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटर फट पडते का ते पाहा. पडत नसेल, तर पाती वाकवून फट आणा. फ्लिपर खाली असताना मात्र पाती घट्ट मिटलेली हवीत, नाहीतर फटका कमजोर होईल. संपर्कबिंदू एकमेकांना वितळून चिकटले असतील, तर ते स्विच नवे घालावे. आणि तोवर आधीच्या मालकाने तेथे मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालून ठेवलेला नाही ना, हे आराखड्यावरील आकड्याशी ताडून पाहावे, कारण योग्य फ्यूज असता तर तो कॉइल तापण्याआधीच उडण्याची शक्यता होती.